ओतिलियाबाईंचे दात आणि दुमजली केक

ओतिलियाबाईंचे पुढचे दोन दात नवऱ्यानं पाडले, असं आमचं निम्मं अल्गोदोनेस गाव शपथेवर सांगेल. साफ खोटं! तो बिचारा बायकोपुढं मोठ्यानं शिंकतही नाही. दात पाडले केकनं.

आमच्याकडं वाढदिवसाला केकचा पहिला घास हात न लावता घ्यायचा. सगळे "चावा! चावा!" ओरडतात आणि वाकलेलं डोकं मागून कुणीतरी केकात दाबतं. गेल्या वर्षी बाईंच्या वाढदिवसाला तो दाबायचा मान धाकट्या दिराचा, नाबोरचा. केक होता दुमजली. वरचा मजला तोलायला आत लाकडी दांडी होती, हे त्याला कुठलं ठाऊक!

दात गेले ते गेले, वर पोटावर पाय. सीमेच्या फाटकाशी उभं राहायचं, स्वस्त दातांसाठी पलीकडच्या देशातून येणाऱ्या म्हाताऱ्यांना "दात बसवा, आजोबा, दात!" अशी हाळी द्यायची आणि डॉक्टर बारासांच्या दवाखान्यात न्यायचं, हा बाईंचा धंदा. आता त्यांचं बोळकं बघून आजोबा दुसऱ्याच दवाखान्याकडं वळू लागले. शेवटी डॉक्टर बारासांनी बाईंनाच खुर्चीत बसवलं. जबड्यात दोन स्क्रू घातले, हाडानं ते घट्ट धरेपर्यंत कित्येक महिने घोटलेल्या राजम्यावर ठेवलं, मग वर दात चढवले. "पुन्हा तसा धक्का बसला तर सगळं पहिल्यापासून," असं बजावलंही.

बाई हसत सुटल्या. शेजाऱ्याला, कुत्र्याला, चिंचेच्या सरबतवाल्याला. गिऱ्हाइकं परतली.

आणि वाढदिवस उजाडला. चावा घ्यावा तर दात जाणार, न घ्यावा तर गाव वर्षभर भित्री म्हणणार. अंगणात तोच गोतावळा, टेबलावर केक, पाठीशी हात चोळत नाबोर.

"काय वहिनी, घाबरलात?"

"छे हो! जरा आतलं बघते." बाईंनी विणायची सुई काढली आणि केक चारी बाजूंनी टोचून पाहिला. सगळे खो खो हसले.

"आता पुरे! चावा! चावा!"

बाई वाकल्या. नव्या दातांनी कडेचा एक नाजूक तुकडा तोडला. मागून नाबोर झेपावला, तशा त्या चटकन बाजूला झाल्या. नाबोर आपल्याच जोरानं कानापर्यंत केकात!

मलईनं माखलेलं तोंड वर आलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "दात हलतोय का बघा, भावजी. हलत असेल तर उद्या फाटकाशी या, घरच्या माणसाला मी आधी नेते."