पूर्णेच्या लाटेवरची फळीकाकू

फळीकाकू पाण्यावर उभी राहायची. पोहणारी माणसं आमच्या गावात पुष्कळ होती; पण लुगड्याचा काचा घट्ट मारून, सावरीच्या हलक्या फळीवर दोन्ही पाय रोवून पूर्णेच्या पुरात ताठ उभी राहणारी तीच पहिली. नात्यानं ती माझी चुलतकाकू. पण सारं गाव तिला फळीकाकूच म्हणे.

माहेर सोनाळ्याकडचं. सातपुड्यातून उतरणाऱ्या नदीच्या डोहात ती पोहायला शिकलेली. लग्न होऊन आमच्याकडे आली, त्याच सुमारास महाराष्ट्र राज्य झालं आणि आमच्या नदीवर नवा फरशीचा पूल बांधला गेला. पूर ओसरू लागला की पाणी त्या बुटक्या पुलावरून उडी घेई आणि पुढं एक लाट जागच्या जागी उभी राही. आमच्या लेखी ती लाट म्हणजे रस्ता बंद. काकू मात्र चूल विसरून तिच्याकडे बघत बसे. एका श्रावणात तिनं सुताराकडून फळी रंधून घेतली आणि सरळ त्या लाटेवर जाऊन उभी राहिली.

सासू काठावरून ओरडली, "काऊन वं, मरतं काय?"

"नाई हो आत्याबाई, जगून राह्यली!"

तिचं बघून गावातले पोट्टेही फळ्या घेऊन उतरले. पुढं पोळ्यानंतर स्पर्धाच सुरू झाली. लाटेवर जो सर्वांत जास्त वेळ उभा राहील, त्याला लाल पटका. नावं मात्र फक्त पुरुषांचीच घेत. काकू सरपंचांच्या ओसरीवर गेली.

"भाऊ, ह्या पोट्ट्यायले उभं राहाले कोणं शिकवलं?"

"तूच शिकवलं."

"मंग माह्यंच नाव काऊन नाई?"

सरपंचांनी तिथंच बसलेल्या काकांकडे पाहिलं. काका वांग्याची वाडी करणारे, अबोल गृहस्थ. ते म्हणाले, "माह्याकडं काय पाहून राह्यले? मी तं गुडघाभर पाण्यात भेतो." सगळे हसले आणि काकूचं नाव लागलं.

त्या वर्षी एकेक जण कोसळत गेला. काकू उभीच. शेवटी कंटाळून तिनं आपणहून उडी मारली. बाईच्या डोक्याला पटका बांधायचा कसा, या विचारात पंच पडले. काकूनं तो हातातूनच घेतला, घरी आणला आणि त्याचे आम्हा घरातल्या पोरींना परकर शिवले. नंतर दरवर्षी एक पटका घरात येऊ लागला आणि नदीवर लाल परकरवाल्या पोरी वाढत गेल्या.

शिकवताना ती कधी रागावली नाही. कोणी पडली की म्हणे, "पडली? चांगलं झालं. आता पाण्याले तुह्यी ओळख झाली." पाण्यावर जोर करू नये, ते कुठं निघालंय ते पाहून त्याच्यासंगं वाकावं, एवढीच तिची शिकवण.

त्या पोरींत इंदू होती. वडिलांचा तिला नदीवर जायला सक्त मज्जाव. तरी ती यायची. एका वर्षी ते शेगावच्या बाजाराला गेलेले असताना इंदू स्पर्धेत उतरली. शेवटी लाटेवर दोघीच उरल्या, ती आणि काकू. काकूचा पाय घसरला. इंदू उभीच राहिली.

काठावर येताच इंदू रडायला लागली. "काकू, आता घरी कशी जाऊ? आबा मारतीन."

काकूनं ओल्या लुगड्यानिशी तिचा हात धरला. मी मागं फळ्या घेऊन. इंदूचे वडील नुकतेच बाजारातून येऊन ओट्यावर बसले होते.

"भाऊजी," काकू म्हणाली, "मी आजवर कोणाले हारली नाई. आज हारली. तुमच्या इंदूनं हरवलं मले."

त्यांनी लेकीकडे पाहिलं. "सगळ्याइच्या समोर?"

"हाव. साऱ्या गावासमोर."

ते ओट्यावरून उठले. मग आत तोंड करून म्हणाले, "अवं, पाणी ठेव तापत. पोरगी भिजून आली हाय."

परतताना काकू झपाझप चालत होती. वाटेत जो भेटेल त्याला थांबवायची आणि हसत हसत सांगायची, "आयकलं काय? हारली नं बाप्पा मी!"