नमस्कारापुढचं एक वाक्य

“नमस्काराला हरकत नाही. पण तुम्ही नमस्कारावर थांबणार आहात का?”

गोल्फच्या स्पर्धेत पहिला फटका मारायला मी टीवर बॉल ठेवत होते, तेव्हा दोरीपलीकडून काकांचा हा आवाज आला. वळून पाहिलं तर काकांनी बाबांची बाही धरली होती. बाबांच्या हातात कावासाकी स्टेशनवर घेतलेला मिठाईचा खोका, सुबक कागदात बांधलेला. त्यांच्यापासून थोड्या अंतरावर कॉलेजची टोपी घातलेल्या एक अमेरिकन बाई एकट्या उभ्या होत्या. त्या अमेरिकेतल्या त्या कॉलेजच्या गोल्फ टीमच्या कोच. मला त्यांच्या टीममध्ये जागा हवी होती, आणि त्या मला बघायला आल्या होत्या.

“एवढ्या लांबून आल्यात. रिकाम्या हातानं जाऊ?” बाबा म्हणाले. जपानमध्ये राहून त्यांना ही सवय लागली होती, कुणाला भेटायचं तर आधी खाऊचा खोका.

“जायचंच नाहीये. हिची दहावी अजून संपलेली नाही. जूनच्या मध्यापर्यंत कोचनं हिच्याशी बोलायचं नाही, तुमच्याशीही नाही. नमस्कारापुढे एक वाक्य गेलं की पंचाईत त्यांची. मग त्या हिच्याकडे फिरकणार नाहीत. नियमांत लिहिलंय तसं.”

मी मारलेला बॉल झाडीत गेला.

काका आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. नात्यानं कुणीच नाहीत. इथे पुण्याहून आलेला प्रत्येक मोठा माणूस काका असतो. तोयोसूच्या एका ऑफिसात ते टेस्टिंग करायचे. म्हणजे कागदावर काय लिहिलंय ते वाचायचं आणि प्रोग्राम तसं वागत नाही हे सगळ्यांना सांगून नकोसं व्हायचं. असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. फरक इतकाच, की आमचे काका घरीही तसेच होते. मोडकी छत्री कुठल्या कचऱ्यात टाकायची हे बिल्डिंगमधली मराठी माणसं त्यांनाच विचारायची. काकू म्हणायच्या, “बघायला आले तेव्हा पत्रिका नाही मागितली यांनी. पासपोर्ट कधी संपतोय ते विचारलं.”

गोल्फ त्यांना शेवटपर्यंत कळला नाही. “ज्याचे मार्क कमी तो पहिला, हे कुणाच्या डोक्यातून आलं?” पण अमेरिकन कॉलेजं खेळाडू कसे निवडतात त्याचे नियम बाबांनी त्यांना दाखवले, आणि काका एका रविवारी सकाळी चहा विसरून ते वाचत बसले. त्यानंतर आमच्या घरात कुणी काही म्हणालं की प्रश्न यायचा, “लिहिलंय का कुठे?”

त्या वर्षी मी वेगवेगळ्या कॉलेजांच्या कोचना मेल पाठवत होते. खेळाडूनं कधीही लिहावं, उत्तर मात्र जूनमधल्या तारखेआधी येणार नाही, असा तो विचित्र काळ. शाळेतून आले की मी आधी इनबॉक्स उघडायचे. उन्हाळी कॅम्पच्या जाहिराती सोडल्या तर काही नसायचं. बाबा दिवसेंदिवस चिडचिडे होत होते. “नको असेल तर नको म्हणा ना!”

“अहो, गप्प आहेत म्हणजे नियम पाळतायत,” काका म्हणायचे. “मला तर असा माणूस आवडतो.”

माझ्या मेलमध्ये जीव नाही, असं बाबांचं मत होतं. ते खरंही होतं. मी बोलते कमी आणि लिहिते त्याहून कमी. त्यांनी काकांना गळ घातली, तुम्हीच लिहून द्या.

“मी लिहिलं तर माझी निवड होईल,” काका म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, जरा हळू आवाजात, “तुला जे सांगावंसं वाटत नाही, ते लिहू नकोस. पण जे वाटतं ते तरी लिही.” असं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा एका कोचना लिहिलं की कुणी बघत असलं की माझा पहिला शॉट बिघडतो. त्या कोच म्हणजेच टोपीवाल्या बाई.

त्या स्पर्धेहून परतताना ट्रेनमध्ये बाबा काकांपासून तोंड फिरवून बसले. खोका त्यांच्या मांडीवर तसाच होता. काकांनी विचारलं, “हा आता द्यायचा नाहीच ना कुणाला?” बाबांनी खिडकीकडे बघत खोका त्यांच्यासमोर धरला. काकांनी दोन मिठाया खाल्ल्या आणि कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली.

मे महिन्यात त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि काका-काकू पुण्याला परत गेले. जूनमध्ये कोचचा फोन येईल तेव्हा व्हिडिओवर तरी थांबा, म्हणून बाबांनी फार विनवलं. “मी दिसलो की ही माझ्याकडे बघणार,” काका म्हणाले. “नको.”

पंधरा जूनला बाबा सकाळपासून फोनसमोर बसले. दुपारच्या आत त्यांनी पुण्याला फोन लावला. “अजून कुणाचा पत्ता नाही!”

“अहो, अमेरिकेत अजून चौदा तारीख आहे,” पलीकडून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. टोपीवाल्या कोचच होत्या. आवाज उत्साही, घाईचा. बाबांनी स्पीकर लावायला सांगितलं. कोच इंग्लिशमध्ये म्हणाल्या की त्यांना मी हवी आहे, जागा एकच आहे, दुसरी एक मुलगीही तयार आहे, तेव्हा शुक्रवारपर्यंत, शक्य असेल तर आत्ताच, मी हो म्हणावं.

बाबा खुर्चीच्या टोकावर आले. “हो म्हण,” ते कुजबुजले. “अगं, म्हण ना!”

तोंडी हो म्हटल्यानं दोन्हीकडचं कुणीच बांधलं जात नाही, हे मला माहीत होतं. काकांनी ते मला जाताना एअरपोर्टच्या बसपाशीही ऐकवलं होतं. पण मला त्या घाईचीच भीती वाटत होती. या बाईंसमोर त्यांच्या टीममधल्या मुली कशा बोलत असतील, हे मला कळत नव्हतं. आमच्या घरातही माझ्या वतीनं नेहमी कुणीतरी बोलत आलं होतं.

खालच्या मजल्यावर आता दुसरं कुटुंब होतं. त्यांचं मूल खेळण्यातली गाडी जमिनीवर आपटत होतं. बाबा ओठांनी हो, हो करत होते.

मी स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि म्हणाले, “आज मी हो म्हणणार नाही. आधी मला तुमच्या टीममधल्या मुलींशी बोलायचंय. तुम्ही समोर नसताना.”