माझं आजारपण

गावात गर्भाशयाच्या कॅन्सरची तपासणी होणार होती तेव्हा मी भावाकडे गेले होते. नांदेडकडचं आमचं छोटं गाव. सकाळी जीप भोंगा लावून फिरली, 'गर्भपिशवीची तपासणी, बायांनी शाळेत यावं.' पारावर बसलेली पोरं, बाप्ये सगळे हसले. झालं, बाया दारं लावून घरात. दुपारपर्यंत शाळेत नर्सबाई एकटीच बसून होती. मी भावजयीला म्हटलं, "चल, मी येते सोबत." ती म्हणाली, "साऱ्या गावासमोरून? नको आक्का." आणि भांडी घासता घासता खालमानेनं सांगून टाकलं की अंगावरून पांढरं जातंय, बऱ्याच दिवसांपासून.

भावाशी बोलले. तो ग्रामपंचायतीत कामाला, शिकलेला. म्हणाला, "कापूस वेचून होऊ दे, मग बघू." मी चिडून हैदराबादला परतले.

पुढच्याच महिन्यात भावजय हैदराबादेत, तारनाक्याला माझ्या दारात उभी. बरोबर शेजारच्या दोघीजणी. माझ्या हातात लिंबांची पिशवी देत म्हणाली, "घरी सांगितलंय, आक्काची तब्येत फार बिघडलीय, बघून येतो."

मी ठणठणीत होते. रेल्वेच्या ऑफिसातून नुकतीच येऊन चहा टाकला होता. तेवढ्यात भावाचा फोन. मला खोकावं लागलं. तो काळजीनं म्हणाला, "आक्का, अंगावर काढू नकोस. उद्याच्या उद्या मोठ्या दवाखान्यात दाखव." माझ्या तोंडावर आलं होतं, तुझ्या बायकोला का नाही रे सांगितलंस हे? पण ती समोर हात जोडून उभी होती.

दवाखान्यात दुसराच ताप. नाव नोंदवायच्या खिडकीवरचा माणूस साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडला, "कायकू आये अम्मा? सफेद पानी?" तिघी पदर ओढून भिंतीकडे वळल्या. मी त्याला म्हटलं, "हळू बोला, घरात आईशी बोलता तसं." तो म्हणाला, "रोज का काम है मॅडम." डॉक्टरीणबाई मात्र समजूतदार. प्रत्येकीला आधी काय करणार ते सांगितलं, मगच पडदा ओढला. भावजय लगेच बाहेर आली. "एवढंच?" म्हणाली आणि मला रडू आलं, रागानं की कशानं कोण जाणे.

तिला साधा संसर्ग निघाला, गोळ्यांवर भागलं. शेजारच्या दोघींपैकी थोरली ठीक निघाली, धाकटीच्या गर्भाशयाच्या तोंडाला मात्र काही बदल दिसले. कॅन्सर नव्हता, पण तसंच ठेवलं तर होऊ शकतो, म्हणून छोटा उपचार करायला परत यायचं होतं. म्हणजे मला परत आजारी पडणं आलं.

या खेपेला धाकटी आली ती नवऱ्यासोबत. हा साधा शेतकरी गडी, माझ्यासाठी ज्वारीचं पीठ घेऊन आलेला. सोफ्याच्या कडेला टेकून म्हणाला, "आक्का, किती वाळलात तुम्ही." मी दोन महिन्यांत दोन किलोंनी वाढले होते. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून तीच बोलली, "आक्का बऱ्या हायेत. दवाखान्यात मलाच जायचंय." आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

त्यानं पिठाची पिशवी खाली ठेवली. मग विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

ती म्हणाली, "तुम्ही पारावर हसत होता त्या दिवशी."

सकाळी माझ्याआधी तोच तयार होऊन बसला होता. उपचार होईपर्यंत बाकावरून हलला नाही. त्याआधी खिडकीवरच्या माणसानं मोठ्यानं विचारलं तेव्हा त्यानं जवळ जाऊन हळूच उत्तर दिलं.

ती बरी आहे. भावाला मी अजून खरं सांगितलेलं नाही. तो दर रविवारी फोन करून औषधं घेतेस ना विचारतो, आणि भावजय त्याच्यामागून खूण करत असणार म्हणून मी सांगते, घेतेय.