अनयला नाही म्हणायचंय

माझा नवरा अनय माणूस म्हणून सोन्यासारखा आहे आणि मला त्याचा भयंकर वैताग येतो. त्याला नाही म्हणता येत नाही. इथे जर्मनीत, हॅनोव्हरच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीत कुणी 'मोदकांचा नारळ खवशील का रे?' म्हटलं, की 'हो, अगदी मनापासून!' वरच्या मजल्यावरच्या फ्राउ बेकरला कपाट हलवायचं असलं, की 'जा, गेर्न!' म्हणजे जर्मनमध्ये 'हो, आनंदाने!' मग संध्याकाळी हा कंबर धरून बसतो आणि बाम मी चोळते.

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही लिहायला बसले नसते. पण त्याच्या ऑफिसात टॉर्स्टन नावाचा बॉस आहे. लहानशी सॉफ्टवेअर कंपनी, त्यात टॉर्स्टन आणि आणखी तिघं स्कीइंगसाठी वेडी. तेही आखून दिलेल्या, यंत्राने दाबलेल्या उतारावर नाही. कुणाचाही पाय न लागलेल्या बर्फात, कड्याकपारीतून खाली यायचं. दर मार्चला ऑस्ट्रियाला जातात. यंदा त्यांना स्कँडिनेव्हिया हवं होतं. ऑक्टोबरात जेवताना टॉर्स्टन सहज म्हणाला, "अनय, तूही चल की आमच्याबरोबर!"

आता आपल्या पुण्यात कुणी 'या ना एकदा घरी' म्हटलं, की आपण 'हो हो, येतो ना, नक्की' म्हणतो आणि कुणीही कुणाकडे जात नाही. दोघांची मनं राखली जातात, विषय संपतो. अनयने तेच केलं. 'जा, झेअर गेर्न!' म्हणजे 'हो, अगदी आनंदाने!' म्हणाला. टॉर्स्टनने फोन काढला, कॅलेंडर उघडलं आणि तिथल्या तिथे मार्चच्या आठवड्यात अनयचं नाव घातलं.

अनय आयुष्यात कधी स्कीवर उभा राहिलेला नाही. बर्फाशी त्याचा संबंध म्हणजे सकाळी गाडीची काच खरवडणं.

"मग उद्या सांगून टाक ना, जमत नाही म्हणून," मी म्हणाले.

"अगं, आता कसं सांगू? वाईट वाटेल त्याला."

"आणि तू दरीत पडलास तर मला काय वाटेल?"

सांगायचं त्याने टाळलंच. पण त्याच्या डोक्यात एक युक्ती आली. जागा निवडायचं काम त्याने आपणहून मागून घेतलं. आपणच ठरवलं तर सुटायची वाटही आपणच काढू, असा हिशोब. आधी त्याने स्वीडनमधलं ऑरे सुचवलं. मोठं ठिकाण, भरपूर लिफ्ट आणि पायथ्याशी बालवाडीतल्या मुलांसाठी उतार. आठवडाभर आपण तिथे पोरांत दडून बसू, असं त्याला वाटत होतं. चौघं म्हणाले, छान आहे, पण आम्हाला याहून अवघड हवं. मग त्याने स्वीडनच्या अगदी उत्तरेचं रिक्सग्रेन्सेन काढलं आणि वाऱ्याने लिफ्ट बंद पडतात अशी भीती घातली. चौघांचे डोळे चमकले. लिफ्ट बंद तर पायी चढू!

शेवटी वैतागून त्याने नॉर्वेतलं ल्युंगेन पुढे केलं. तिथे लिफ्टचं नावच नाही. समुद्रकाठापासून स्वतःच्या पायांनी अर्धा दिवस डोंगर चढायचा आणि तेवढंच खाली यायचं. बर्फाचा कडा कधी कोसळेल याचा नेम नाही. उतार किती तीव्र, वारा कुठून येतो, कुठे कडा सुटतो, सगळं त्याने नकाशावर दाखवलं. आता तरी हे म्हणतील, की बाबा रे, हे नवख्याचं काम नाही. टॉर्स्टनने टेबलावर हात आपटला. "गेनाऊ! अगदी हेच हवं!" वर म्हणाला, एवढा अभ्यास मुरलेला माणूसच करतो.

त्यानंतर अनयची भूक गेली. भाताचा घास हातात धरून बसायचा. मला त्याची कीव यायची आणि दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटायचं. हा माणूस भिडेपोटी खरंच मरायला जाईल याची मला खात्री होती.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सगळे शहरातल्याच आयलेनरीडच्या जंगलात सरावाला जमले. मी थर्मासमध्ये चहा घेऊन गेले होते. छातीवर बांधायचं एक यंत्र असतं. बर्फाखाली गाडल्या गेलेल्याला त्या यंत्राच्या आवाजावरून शोधायचं. टॉर्स्टनने प्रत्येकाच्या हातात एकेक दिलं आणि म्हणाला, "वर आपल्याला फक्त एकमेकांचा आधार. मी गाडला गेलो तर मला तुम्हीच काढायचं."

अनय पांढराफटक पडला. त्याने यंत्र परत केलं. "टॉर्स्टन, मला स्कीइंग येत नाही. अजिबात."

मला पेढे वाटावेसे वाटले.

"मग हो का म्हणालास?" टॉर्स्टन रागावला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. अनयने माझ्याकडे बघितलं. आता त्या झाडांत उभं राहून याला पुणं कसं समजावणार?

"तू इतक्या प्रेमाने विचारलंस," अनय म्हणाला.

टॉर्स्टनने जरा विचार केला. "आल्झो, गुट, बरं तर. तू वर येऊ नकोस. खाली केबिनमध्ये राहा आणि रोज सकाळी हवामान आणि धोक्याचा इशारा वाच. ताजा बर्फ दिसला की आमची डोकी चालत नाहीत, तुझं चालेल. तू नाइन, म्हणजे नाही, म्हणालास तर कुणीही वर जाणार नाही. जमेल?"

"जा, गेर्न," अनय म्हणाला.

ट्राममध्ये तो किती हलका झाला होता! खिडकीबाहेर बघत चक्क शीळ घालत होता. मी मात्र गार पडले होते. आतापर्यंत याच्या एकट्याच्या जिवाची काळजी होती. आता ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या नाहीवर चौघांचे जीव टांगले होते. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याची शीळ थांबली.

तेव्हापासून संध्याकाळी स्वयंपाकघरात मी टॉर्स्टन होते. लोकरीची टोपी चढवते आणि अनयकडून नकार घोटवून घेते. काल त्याच्या हातात इशाऱ्याचा कागद दिला. पाचपैकी चार, म्हणजे वर जाणं जिवावरचं.

"गुटन मॉर्गन, अनय! काय सुंदर ऊन पडलंय! आयुष्यभर या दिवसाची वाट बघितली मी. जाऊ ना?"

त्याने कागद वाचला. पुन्हा वाचला. ओठ हलले. कुकरची शिट्टी झाली तरी मी हलले नाही, टोपीखालून त्याच्याकडे बघत राहिले. त्याने मान वर केली. बिचाऱ्याच्या कपाळावर घाम आला होता.

"अं... जा," तो म्हणाला आणि माझा चेहरा बघून घाईघाईने पुढे म्हणाला, "पण जपून जा हं."