कानाखाली काढलेला आवाज

‘कानाखाली आवाज काढीन’ ही थोरल्याची रोजची धमकी होती. त्या घरात ती चहाइतकी सवयीची झाली होती. त्याच्या बायकोने ती काही वर्षं ऐकली, आणि एक दिवस जी माहेरी गेली ती परत आली नाही. ती का गेली हे त्या घरात कुणी विचारत नसे. मग घरात सून म्हणून एकटी धाकटी उरली. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात ती प्रेसवर कामाला होती. पत्रा सरकवायचा, पायाने दांडा दाबायचा, ठाक्‌कन झाकण कापून खाली पडायचं. मनगटं तिची पुरुषासारखी घट्ट होती. पण घरात तिचा आवाज कुणाला फारसा माहीत नव्हता.

त्या संध्याकाळी अंगणात थोरला कुत्र्याला कंबरपट्ट्याने झोडत होता. कुत्र्याने त्याची चप्पल कुरतडली होती. साखळीत अडकलेलं जनावर भिंतीला चिकटून किंचाळत होतं, नाकातून रक्त येत होतं. धाकटी कामावरून आली, पिशवी खाली टाकली आणि वर गेलेला पट्टा तिने मागून धरला.

“मरेल ना ते!”

थोरला वळला आणि उघड्या पंजाने त्याने तिच्या डाव्या कानावर अशी ठेवून दिली, की ती पाण्याच्या पिंपावर जाऊन आदळली. त्याने खरोखरच आवाज काढला होता. फक्त तो आवाज थांबेना. कानात कुणी शिट्टी वाजवत बसल्यासारखा बारीक, सरळ, न तुटणारा सूर.

सगळ्यांनी पाहिलं होतं. सासू दारात होती, नवरा ओसरीत. नवऱ्याने तिला उठवून आत नेलं, पाणी दिलं आणि म्हणाला, “तू मध्ये पडायलाच नको होतंस.”

दुसऱ्या दिवसापासून घरात औषधांना ऊत आला. मारल्याबद्दल कुणी चकार शब्द काढीना, पण कानाची काळजी मात्र उतू चालली. सासूने लसूण तेलात कडकडवून ते तेल कानात सोडलं. कांद्याचा रस झाला. तापलेल्या मिठाच्या पुरचुंडीने शेकणं झालं. “नैसर्गिक उपाय आहेत, अपाय काही नाही,” असं सासू म्हणायची. तेल आत गेलं की धाकटीचं डोकं गरगरायचं, भिंत धरून ती ओकायची. शिट्टी तशीच. कारखान्यात मशिनच्या दणदणाटात ती बुडायची, तेवढंच बरं वाटायचं. बाहेर पडलं की दुप्पट होऊन परत यायची. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात तसंच झालं: कानातून पू वाहायला लागला, ताप चढला, उशी घाण व्हायला लागली.

तेव्हा कुठे सासू तिला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी बारीक दिवा लावून आत पाहिलं. “पडदा फाटलाय. आणि वरून हे तेल कुणी ओतलं?”

“घरचाच उपाय हो. न्हाणीघरात पाय घसरून पडली,” सासू म्हणाली.

“पडून असा फाटत नाही.” डॉक्टरीणबाई धाकटीकडेच बघत होत्या. “कुणी मारलं?”

सासूने तिच्या दंडाला चिमटा काढला. धाकटीने तो हात बाजूला केला.

“थोरल्या दिरांनी.”

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. तक्रार करायची असेल तर काय घडलं ते लेखी देईन, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. पू थांबायला गोळ्या दिल्या. “कानात आता एक थेंबही जाता कामा नये, अंघोळीचं पाणीसुद्धा. पडदा बहुतेक आपोआप भरून येईल. शिट्टीचं मात्र वचन देत नाही. अगदी शांत खोलीत झोपू नको, पंखा नाहीतर रेडिओ हळू आवाजात चालू ठेव. झोप पुरी घे. मान नि खांदे सैल सोडायला शीक, दात आवळून बसू नको. मशिनवर कान झाकून काम कर. हळूहळू मन त्या आवाजाकडे लक्ष देणं सोडतं.”

“आणि ज्या घरात दात आवळूनच बसावं लागतं, तिथे?” धाकटीने विचारलं.



सासूच्या पोटात काही राहायचं नाही. थोरला घरी येताच तिने त्याला सगळं सांगितलं. “घराची अब्रू चव्हाट्यावर मांडतेस?” म्हणत तो कमरेचा पट्टा सोडत स्वयंपाकघराकडे आला. धाकटीने आतून दार लोटलं. त्याने फटीतून हात घातला, पट्टा आत सपकन फिरला आणि तिच्या गालावर वळ उठला. तिने पाठ दाराला लावली, पाय समोरच्या ओट्याला रोवले आणि अंगातला सगळा जोर दारावर टाकला. मनगटाजवळ सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. थोरला गुरासारखा ओरडला.

“दार उघड! हात मोडला त्याचा!” नवरा बाहेरून ओरडत होता.

“आधी पट्टा टाकायला सांग.”

“अगं, तो—”

“पट्टा टाकायला सांग म्हणते ना!”

बोटं उघडली. पट्टा तिच्या पायाशी पडला. तिने दार सोडलं तेव्हा थोरला उंबऱ्यावर कोसळलेला होता, हाड कातडीखाली वर आलं होतं. सासूने कपाळ बडवत तिला शिव्या घातल्या. धाकटी थोरल्याला ओलांडून बाहेर गेली, कुत्र्याची साखळी सोडली आणि ते दोघं शेजाऱ्यांच्या देखत गल्लीतून चालत गेले.

कारखान्यात डबे बांधणारी एक मावशी एकटी राहत होती. तिच्या खोलीत एक खाट जास्त होती; धाकटी कुत्र्यासकट तिथेच राहिली. पोलिसात दोन्हीकडून तक्रारी झाल्या. डॉक्टरीणबाईंनी शब्द पाळला, आणि थोरल्याने आपली तक्रार गुपचूप मागे घेतली.

नवरा पंधरवड्याने आला. खाली मान घालून म्हणाला, “मी वेगळी खोली बघितलीय. येतेस?”

“तो मला मारत होता तेव्हा तुम्ही काय करत होतात?”

“घाबरलो होतो. लहानपणापासून तोच मारायचा मला.”

हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिने त्याला बसायला सांगितलं, चहा टाकला. पण त्या दिवशी ती गेली नाही. दोन महिने तो दर सुट्टीला येत राहिला, आणि मग ती गेली.

पडदा भरून आला. शिट्टी गेली नाही, बारीक झाली. झोपताना ती पंखा लावते, मान सैल सोडते, आणि बहुतेक वेळा शिट्टी आठवायच्या आधीच तिला झोप लागते.