एर्लिंदा कास्तान्या खात नाही

आमच्या रिबेराल्तात कास्तान्या कुणी खात नाही. हसू नका, खरंच सांगतो. जग तिला ब्राझील नट म्हणतं. जंगल आमचं, कंबरडं आमचं मोडतं आणि नाव शेजारच्या देशाचं! असो. अख्खा गर परदेशी जातो, त्याचे पैसे मिळतात, म्हणून तो तोंडात टाकायला कुणाचा हात धजत नाही. आम्ही मोडके तुकडे चघळतो. त्यांचं दूध काढून भातात घालतो, माशाच्या रश्श्यात घालतो. पण कास्तान्या खायची? छे!

एर्लिंदा लग्नाआधीपासून कारखान्यात कास्तान्या फोडायला बसते. यंत्रात कास्तान्या धरायची, दांडा दाबायचा, कवच फुटलं की गर अलगद बाहेर काढायचा. काम झकास चाललं होतं, पण यंदा तिची नखं पापडासारखी तुटायला लागली. मग केस. कंगवा फिरवला की झुपकाच हातात यायचा. आणि नवरा रोमुलो, ज्याची झोपायची झोळी इतकी वर्षं हिच्या झोळीला लागून असायची, त्यानं ती उचलून ओसरीवर बांधली.

"आत उकडतं गं," तो म्हणाला.

"यंदाच? या गावात आजवर काय बर्फ पडत होता?"

एर्लिंदा आरशासमोर उभी राहिली आणि रडली. टकली बायको कुणाला हवी असते?

शेवटी ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई पोरसवदा, नुकत्याच डोंगराकडून बदलून आलेल्या, पण मनानं चांगल्या. त्यांनी नखं पाहिली, केस पाहिले.

"रोज किती कास्तान्या खाता?"

"एकही नाही," एर्लिंदा म्हणाली, आणि ती अगदी खरं बोलत होती.

"अहो, कास्तान्याच्या गावात राहून एकही नाही? म्हणून तर अंगात सत्त्व कमी पडतंय! रोज दोन खायच्या. अख्ख्या."

एर्लिंदानं जिवावर उदार होऊन रोज दोन खाल्ल्या. केस आणखी गळले. तिला वाटलं, दोन कमीच पडत असणार, मग चार खाल्ल्या. आता अंगठ्याचं नख मुळापासून हललं. औषध घ्यावं आणि दुखणं वाढावं, हा काय प्रकार? शेजारीण म्हणाली, कुणाची नजर लागली. बहीण म्हणाली, कास्तान्या मूठभर खा. एर्लिंदाचं डोकं पार चक्रावून गेलं, आणि रोमुलो काही ओसरीवरून आत येईना.

या वेळी ती त्यालाच घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी तिला आ करायला सांगितलं आणि त्या चटकन मागे सरकल्या.

"लसूण खाल्लात?"

"महिनाभरात घरात लसूण आणला नाही!"

"मलाही तोच वास येत होता!" रोमुलो कोपऱ्यातून उसळला. "मला वाटलं, ही चोरून खाते! तोंडावर कसं सांगायचं, म्हणून झोळी हलवली."

"मेल्या! आणि मी इकडे रडून रडून अर्धी झाले!"

डॉक्टरीणबाई आता पुरत्या गोंधळल्या होत्या. "थांबा, थांबा. काल सकाळपासून काय काय खाल्लंत, सगळं सांगा."

"रात्री भात. कास्तान्याच्या दुधातला. दुपारी मासा, तोही दुधातच. आणि तुमच्या त्या दोनाच्या चार."

"आणि सकाळी?"

"कामावर तुकडे, दुपारपर्यंत. पण ते काय खाणं झालं? मोडके असतात."

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "आणि मीच वर आणखी खायला सांगितल्या! अहो, मोडली म्हणून कास्तान्या कास्तान्या राहत नाही का? जमिनीतून एक द्रव्य तिच्यात उतरतं. थोडं हवंच, पण फार झालं की केस गळतात, नखं तुटतात, तोंडाला लसणासारखा वास येतो. चुकलंच माझं. आता सगळं बंद. दूध नाही, तुकडा नाही. केस येतील परत."

एर्लिंदाला इतकं हलकं वाटलं की ती हसलीच. मग हसता हसता थांबली.

"तुकडे नाहीत, तर सकाळी काय खाऊ?"

"जे घरी खाता तेच, निघण्याआधी."

"सकाळी घरी मी कधी खाल्लंच नाही."

रोमुलोनं मान खाली घातली. उजाडायच्या आत ती निघते हे त्याला माहीत होतं. कारखान्यात काहीतरी खायला मिळत असेल, एवढंच त्यानं धरलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि विचारायचं कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो तिच्याआधी उठला. केळी उकडून, सुकं मटण घालून कुटली, निम्मी करपवली आणि डबा तिच्या हातात दिला. "बघ, जमलंय का," एवढंच म्हणाला.

कारखान्यात पहिला गर मोडला आणि एर्लिंदाचा हात सवयीनं तोंडाकडे गेला. तिनं तुकडा टोपलीत टाकला. दुसरा मोडला, तोही टाकला. डबा अजून पिशवीत तसाच होता. थोड्या वेळानं पोटात असं काही कळवळलं की ती घाबरलीच. हे आणखी नवं काय दुखणं, म्हणून तिनं पोट दाबून धरलं, बाजूला बसलेल्या बाईला विचारलं.

"अगं वेडे," ती बाई तोंडातला तुकडा चावत म्हणाली, "भूक लागलीय तुला."