गॅरंटी पाण्यापासून

दोन हजार चोवीस साल. रघुनाथ गेला तेव्हा त्याला एकाहत्तर वर्षं झाली होती, मला बहात्तर. सकाळी मी गिरणारे गावातल्या माझ्या मळ्यात झेंडू तोडत होतो, तर थोरला पोरगा बांधावरून चालत आला. एरवी तो लांबूनच हाका मारतो. त्या दिवशी पार जवळ आला आणि मग म्हणाला, "अण्णा, रघुकाका गेले. पहाटे, झोपेतच." मी हातातली फुलं पाटीत टाकली आणि उरलेली ओळ तोडून पुरी केली. म्हातारा दगड आहे, असं घरात कुणीतरी बोललं म्हणे. बोलोत. ओळ संपेपर्यंत मला कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं.

चौथीपर्यंत आम्ही एका गोणपाटावर बसलो. मग मी शाळा सोडली, तो शिकत राहिला, सातपूरच्या कारखान्यात जळालेल्या मोटरींत नवी तार भरायला शिकला आणि नाशिकच्या पेठ रोडला त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. मोटरी, पंप, पाइप. दुकान साधंच, पण माणूस लय तऱ्हेवाईक. मोटर विकली की काम झालं, असं त्याच्याकडं नव्हतं. विहिरीवर स्वतः यायचा. घरातल्या बाईनं मोटरीला हळद-कुंकू लावल्याशिवाय बटण दाबू द्यायचा नाही. पाइपाच्या तोंडाशी उकिडवा बसायचा, पाणी आलं की ओंजळभर प्यायचा आणि मग पांढऱ्या रंगानं मोटरीच्या अंगावर त्या दिवसाची तारीख घालायचा. बिल महिनाभर आधीचं असलं तरी. कुणी विचारलं तर म्हणायचा, "गॅरंटी बिलापासून नाय, पाण्यापासून. कागद काय पिकाला पाजायचा का?" कंपनीनं नाही मानलं तर तो स्वतः भरून द्यायचा. माझ्या विहिरीवर त्याच्या हातच्या तीन मोटरी झाल्या. चौथीच्या वेळी आमचं फिसकटलं.

मी तीन हॉर्सपॉवरची मागितली. शेजारच्यानं तीनची बसवली होती, मग मला दोनची कशी चालेल? दुकानात चार माणसं बसली होती. त्यांच्यापुढं रघुनाथ म्हणाला, "तुझ्या विहिरीचा जीव केवढा, तुझी उडी केवढी. तीनची मोटर घंट्यात तळ गाठंल आन् कोरडी फिरंल. दोनचीच घे." माणसं हसली. मी म्हणालो, "विहीर माझी हाय का तुझी?" आणि उठून आलो. घरी येऊन धाकट्याला सांगितलं, तुझ्या त्या मोबाइलवर तीनची मागव. चार दिवसांत खोक्यातून मोटर आली. झकास होती, उगाच का खोटं बोलू. गावातल्या मिस्त्रीनं ती बसवली.

आता पुढचं सांगायला जीभ जड होते. रघुनाथ दर दसऱ्याला मळ्यात यायचा आणि आला की आधी विहिरीवर जायचा. मोटरीवरचा पत्रा वाचल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. म्हणून मी तो नंबरचा पत्रा उचकटून काढला, खाली उरलेले आकडे कानस घेऊन घासले आणि तो आल्यावर सांगितलं, मामेभावाची जुनी मोटर आणली. तो "बरं" म्हणाला. आपट्याची पानं दिली, जेवला, गेला.

उन्हाळ्यात विहीर आटली आणि मोटर कोरडी फिरून जळाली. धाकट्यानं वॉरंटीसाठी फोन लावला. त्या बाजूची पोरगी गोड बोलत होती, मी तिला नाव ठेवणार नाही. तिनं नुसता पत्र्याचा फोटो मागितला. नंबर दिसला की पुढचं बघू म्हणाली. पत्रा तर मीच विहिरीत फेकला होता... शेवटी टेम्पोत घालून मोटर पेठ रोडला नेली. रघुनाथनं ती उघडली, आतल्या तारेवरून बोट फिरवलं. तीनची आहे, नवी आहे, हे त्याला न कळायला तो काय आंधळा होता?

"मामेभाऊ लय जपून वापरतो रे मोटर," एवढंच म्हणाला.

"त्याचा हात हलका हाय," मी म्हणालो.

त्यानं ती भरून दिली. बसवायला स्वतः आला, पाणी खाली गेलं की मोटर आपोआप बंद पडेल असं यंत्रही जोडलं. मग बराच वेळ विहिरीच्या कठड्यावर बसून राहिला. माझ्याकडं बघायचा, पाण्याकडं बघायचा. मी बोलेन म्हणून थांबला होता, आज कळतं. तेव्हाही कळत होतं. मी पाणी वळवायला, वाफ्याचं दार मोडायला निघून गेलो.

त्यानंतर लाजेनं मी दुकानाची वाटच सोडली. नाशिकला फुलं घेऊन जायचो, पण वळसा घालून. किती वेळा वाटलं, जाऊन बसावं, तो काहीतरी टोचून बोलेल, आपण दोन शिव्या द्याव्यात, झालं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता पाच महिने गेले आणि तो गेला. अजून पाइपाला पाणी आलं की मी बाजूला सरकतो, बसायला जागा करून देतो... कुणाला, ते सांगायला नको.

दहावा झाल्यावर रघुनाथच्या बायकोनं, सुमनवहिनीनं, मला बाजूला घेतलं. "भाऊ, तुम्ही यायचं का सोडलं? हे सारखे म्हणायचे, मीच त्याला चार माणसांत बोललो, तेच लागलं त्याला. जाऊन माफी मागतो म्हणायचे." मी खाली बघितलं आणि म्हणालो, "गुडघे धरतात हो वहिनी."

त्या दिवशी घरी येऊन मला घास गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं पेठ रोडला उतरलो. दुकान बंदच होतं, वरच्या घरात भेटायला आलेली दहा-बारा माणसं बसली होती. मी चपला काढल्या, उंबऱ्याच्या आत उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "वहिनी, रघुनाथचं काही चुकलं नव्हतं. मोटर मी ऑनलाइन मागवली, पत्रा मी काढला, खोटं मी बोललो. दोनचीच बरोबर होती."